केरूची झोळी आणि मनुबाईंची चकती

रहिमतपूरचा केरू नववी नापास. हे तो स्वतःच आधी सांगून टाकतो, म्हणजे समोरच्याला टोमणा मारायला जागा उरत नाही. मिरजेत जीपगाड्यांचं वायरिंग करतो. शिकवलं कुणी नाही. जळकी वायर वासावरून ओळखतो, आणि इंग्रजी पुस्तिका डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचतो. डिग्रीवाल्यांनी हे करून दाखवावं!

नव्व्याण्णवच्या हिवाळ्यात आमच्या संघटनेच्या मनुबाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. वीस वर्षं ही बाई आमच्या प्रत्येक मोर्चापुढं गात आलेली. गायरान जमिनींसाठी मिरज ते सांगली मोर्चा पंधरा दिवसांवर आलेला. मी घरीच बसते, असं त्यांनी हातानंच सांगितलं.

केरू भडकला. "आवं मनुबाई, घरी कशापायी? तुमचाच आवाज म्होरं चालंल. शब्द हाय माजा!"

त्यानं त्यांच्या गाण्यांच्या दहा कॅसेटी जमवल्या, एका कॉम्प्युटर क्लासात बसून सगळ्यांच्या एमपीथ्री फायली केल्या आणि एकाच सीडीवर घातल्या. मोर्चा सुरू असताना कॅसेट उलटायची भानगडच नको. मग आम्ही विश्रामबागेत सुमंतकडं गेलो. गाड्यांत म्युझिक सिस्टीम बसवणारा हा बडा दुकानदार. त्याच्या प्लेअरनं चकती गिळली, गरगर फिरवली आणि बाहेर टाकली.

सुमंत फिदीफिदी हसला. "केरू, हिच्यावर आता चहाचा कप ठेव."

माझं डोकं तापलं. केरूनं माझा हात धरला. "थांबा. चकती चांगली हाय. ह्यांचं यंत्र साध्या सीडीचं. फायली वाचाया कॉम्प्युटर लागतो. मग कॉम्प्युटरच घालू की जीपमधी!"

आणि घातला. क्लासातला जुना कॉम्प्युटर, बॅटरीवर इन्व्हर्टर, टपावर कर्णे. पण पहिल्याच खड्ड्याला कॉम्प्युटरमधली चकती हादरली आणि गाणं थबकलं. खाली फोम घातला, गादी घातली, फरक शून्य. चार दिवस उरले.

त्या दिवशी केरू एका तंबोरेवाल्या म्हाताऱ्याच्या टेम्पोचं वायरिंग करत होता. बघतो तर तडकू नयेत म्हणून म्हातारा तंबोऱ्यांचे भोपळे खाली टेकवतच नव्हता, चिंध्यांच्या झोळीत टांगत होता. केरू पळतच आला. सायकलच्या चार ट्यूबा, एक जुनं लुगडं, आणि जीपच्या टपाच्या दांड्यांना कॉम्प्युटरची झोळी टांगली.

मोर्चाच्या सकाळी बाया जीपभोवती जमल्या. "केरू, बारसं कवा रं?" आक्काताईंनी विचारलं.

"आदी रडतंय का बगा, मग बारसं!"

मनुबाई कशाबशा पुढच्या सीटवर, गाडी चालवणाऱ्या केरूशेजारी बसल्या, तोंडाला पदर लावून.

विश्रामबागेत बरोबर सुमंतच्या दुकानासमोर गुडघाभर उंच गतिरोधक. पायरीवर सुमंत हाताची घडी घालून उभा. जीपची पुढची चाकं आदळली, मग मागची. झोळी ह्या दांडीपासून त्या दांडीपर्यंत हेलकावली.

मनुबाईंची ओळ एका अक्षरानंही अडली नाही. मागच्या दोन हजार बायांनी ती उचलली.

सुमंत पायरी उतरून जीपजवळ आला. "केरू, मलाही एक बसवून दे की असलं."

"सोमवारी या शेठ. लाईन हाय."

मनुबाईंनी तोंडावरचा पदर काढला, केरूच्या खांद्यावर थाप मारली आणि बोटं फिरवून खूण केली : वाढव!

केरूनं बटण शेवटपर्यंत पिळलं.