पंगतीतलं नको

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार वहिनींचे. दादांची मिल बंद पडली तेव्हा जुनी इंदूर मोहल्ल्यातल्या दोन खोल्यांत शिलाई मशीन चालवून त्यांनीच माझं कॉलेज पुरं केलं. घराण्यातला पहिला बी.ए.! निकाल लागला त्या दिवशी मी वहिनींना पेढा भरवला, शेजाऱ्यांना भरवला, पोस्टमनलासुद्धा भरवला.

लगेच लग्न ठरलं. दोस्तांनी भाड्याचा व्हीसीआर आणला आणि भर दुपारी खिडक्यांवर चादरी टांगल्या.

"भिया, खरा अभ्यास तर आता आहे तुझा!"

पडद्यावरची बाई आधी नको म्हणायची, मग हसायची.

"देखा? ना म्हणजे हां!"

मला पटलं. पंगतीत तेच तर असतं! पाहुणा नको म्हणतो, आपण जिलबी वाढतोच.

लग्नानंतर आठवड्याने वहिनींना बायकोच्या मनगटावर वळ दिसले. ती पाणी भरायला गेल्यावर त्यांनी विचारलं, "भावजी, हे काय?"

मी हसलो. "नको नको करत होती. लाजते."

वहिनींनी आपली बाही वर केली. तसेच वळ. "तुमचे दादाही हेच म्हणतात."

"पण वहिनी, पंगतीत पाहुणाही नको म्हणतो, तरी आपण वाढतोच ना?" मी म्हटलं.

"पोट भरलेला पाहुणा पानावर दोन्ही हात आडवे धरतो. तेव्हा वाढता?"

"नाही."

"तिनेही धरले असतील. तुम्ही तेच हात दाबून ठेवलेत."

मी बायकोची माफी मागितली. "बघू," ती म्हणाली आणि आपलं अंथरूण वहिनींच्या मशीनपाशी नेलं. पुढे गौतमपुऱ्याला मास्तरकी मिळाली. मी एकटाच गेलो. पाच महिन्यांनी ती आपणहून आली. दुसऱ्याच दिवशी मी पत्र टाकलं:

"ती. वहिनींस सा. न.,

ही आली! स्टँडवर उतरली आणि पहिलं वाक्य, 'घर झाडलंय का?' मी सकाळपासून तीनदा झाडलं होतं! रात्री तिने नको म्हटलं. मी बरं म्हटलं. मग आम्ही तुमच्याबद्दलच बोलत बसलो.

इथे दोन खोल्या आहेत, एक तुमची. मशीन घेऊन या. दादांशी मी बोलतो, तुम्ही भिऊ नका. हा आग्रह पंगतीतलाच समजा. तुम्ही हात आडवे धरलेत तर थांबेन. पण वहिनी, नका ना धरू!"