राखगडची भट्टी

कोणी विचारलं, की बेबीताई, तुमचा भाऊ काय करतो, तर माझी पंचाईत व्हायची. वडील भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये भट्टीवर होते, हे सांगायला एक वाक्य पुरायचं. प्रफुलचं सांगायला अर्धा तास लागायचा, आणि एवढं ऐकून समोरची बाई म्हणायची, "म्हणजे गेम खेळतो!" मग माझं डोकं फिरायचं. तो खेळत नव्हता हो. गेममध्ये उजेड कसा पडेल, ते ठरवायचा.

सुपेल्यात मिठाईच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर त्याचं ऑफिस होतं. बंगळूरच्या एका कंपनीचं काम तिथे यायचं. जादूच्या दुनियेतल्या लढाईचा मोबाइल गेम होता. चार राज्यं, चार फौजा, आणि खेळणाऱ्यानं वरून बघत डावपेच लढवायचे. कुठल्या राज्यावर कसलं ऊन पडेल, मंत्र फेकला की कुठल्या रंगाचा लोळ उठेल, धूर किती दाट असेल, हे प्रफुलच्या वाट्याला आलेलं. जंगलाच्या राज्याला त्यानं पानांतून गाळल्यासारखा हिरवट उजेड दिला, बर्फाच्या राज्याला निळा, समुद्रकाठच्या राज्याला पहाटेचा राखाडी. एवढ्याशा स्क्रीनवर एका नजरेत कळलं पाहिजे, की आपण कोणाच्या मुलखात शिरलो, असं तो जेवताना सांगायचा. मी हो-हो करायचे आणि भाजी वाढायचे.

चौथं राज्य होतं राखगड. तिथे डोंगराच्या पोटात एक भट्टी होती आणि तिच्यातून लोखंडाचे शिपाई ओतून निघायचे. ही भट्टी त्याच्या हातात आली आणि पोरगं पार बदललं.

कारण बाबा. भैयालाल चुटे, साकोलीकडच्या शेतकरी घरातला माणूस, एकोणतीस वर्षं भट्टीसमोर उभा राहिला. रिटायर झाल्यावर क्वार्टर सुटलं, कुरुदला दोन खोल्या बांधल्या, आई गेली, आणि मग बाबांचे डोळे जायला लागले. काचबिंदू. डावा डोळा आम्हाला कळेपर्यंत गेलाच होता. उजव्याबद्दल डॉक्टर म्हणाले, थेंब टाकत राहा, वर्षभर टिकला तर टिकला. त्या वर्षात बाबांनी आपली भट्टी, गेममधली का होईना, एकदा तरी परत पाहावी, असं प्रफुलनं मनावर घेतलं. खऱ्या भट्टीपाशी या वयात, या डोळ्यांनी त्यांना कोण जाऊ देणार होतं? मला हसू आलं होतं तेव्हा. आज त्याची लाज वाटते.

अडचण एकच होती. गेम बाजारात येईपर्यंत त्यातलं काही घरी आणायचं नाही, फोटोसुद्धा काढायचा नाही, असा ऑफिसचा नियम. फोन दारातच जमा करून घ्यायचे. तेव्हा प्रफुलनं शक्कल लढवली. पेंटच्या दुकानातून रंगांच्या नमुन्याचं कार्ड मागून आणलं आणि रविवारी अंगणात बाबांसमोर धरलं. मी सासरहून, जामुलहून, दर रविवारी यायचे, म्हणून मला हे सगळं पाहायला मिळालं. बाबा कार्डाला नाक लावून एकेक पट्टी बघायचे.

"हे पिवळं नाई होय रे, हे तं हळद झाली," ते म्हणायचे. "टॅपिंग होते, भट्टीचं तोंड खोलतेत, तवा धातू पांढरा निंगते, केळाच्या गरावानी. लाल तं मागून होते, ठंडा झाल्यावर."

"और चिंगारी, बाबा? कितनी उडती है?" प्रफुल विचारायचा. भिलाईत वाढलेला, निम्मं हिंदीतच बोलायचा.

"कमी. चांगल्या गरम धातूले ठिणग्या कमीच रायते. लय ठिणग्या उडून राहिल्या, की समज, भट्टी ठंडी होऊन राहिली. लॅबचा रिपोर्ट मंग येत जाय, आमी तं पाहूनच सांगो."

"और ठंडी पड गयी तो?"

बाबांचा चेहरा उतरला. "अंदर लोखंड जमते. मंग महिनाभर फोडत बसा. अन् सगळे एकच विचारतेत, कोणाच्या शिफ्टमधी झालं?"

प्रफुलनं पट्ट्यांचे नंबर लिहून घेतले आणि तशी भट्टी केली. पांढरी, शांत, फार ठिणग्या नसलेली. बंगळूरला हे काम तपासणाऱ्या एक सुहासिनी मॅडम होत्या. त्यांचा निरोप आला, की आग जिवंत वाटत नाही, ठिणग्या वाढवा. प्रफुलनं लांबलचक उत्तर पाठवलं, माझे वडील भट्टीवर होते वगैरे. पुन्हा निरोप आला, खेळणाऱ्याला गरम वाटलं पाहिजे. पुन्हा उत्तर. तिसऱ्या वेळी मीच तोंड उघडलं. म्हटलं, "अरे, टाक ना चार ठिणग्या! कोणाच्या बापाचं काय जाते?"

"आपल्याच बापाचं जाते, ताई," तो म्हणाला, आणि दोन रविवार माझ्याशी बोलला नाही.

मग एप्रिलमध्ये एकदा घरी आला आणि चपला काढता काढताच म्हणाला, "भट्टी पास झाली."

बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "ठिणग्या?"

"कमीच आहेत, बाबा."

बाबा इतके खूश झाले, की शेजारी जाऊन सांगून आले. पोराची भट्टी पास झाली म्हणून! शेजाऱ्यांना वाटलं, प्रफुल प्लांटमध्ये लागला. बाबांनी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

गेम जूनमध्ये येणार होता. जूनचा ऑगस्ट झाला, ऑगस्टचा ऑक्टोबर. इकडे बाबा ताटातली वाटी चाचपायला लागले. मला दारात उभी पाहून "कोण होय?" म्हणायला लागले. दर रविवारी विचारायचे, "आली का भट्टी?" आणि दर रविवारी प्रफुल तारीख सांगायचा. मधल्या काळात त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. कंपनीनं छान काम केलंत असं कळवलं आणि तोंडाला पानं पुसली. भिलाईत अशा कामाचं दुसरं ऑफिस नव्हतं आणि बाबांना टाकून बंगळूरला जायचं त्याच्या मनात नव्हतं. नंदिनी नगरच्या एका फोटो स्टुडिओत तो लग्नाचे अल्बम सजवायला लागला.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात गेम आला. प्रफुलचा फोन जुना, त्याच्यावर तो उघडेना. मी समीरचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा मोठा फोन घेऊन रविवारी दुपारी कुरुदला पोचले. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. खिशातून त्यांनी आपली निळी काच काढली. धातूकडे पाहताना डोळ्यांसमोर धरायची ती काच त्यांनी इतकी वर्षं जपून ठेवली होती. ती त्यांनी डोळ्यासमोर धरली, मग बाजूला केली.

"हिच्यातून तं काईच नाई दिसून राहिलं," ते म्हणाले. "बिना काचेचं दाखव."

प्रफुलनं राखगड उघडला आणि फोन त्यांच्या उजव्या डोळ्याजवळ धरला. मी मागून बघत होते. भट्टीचं तोंड उघडलं आणि दिवाळीच्या अनारासारख्या ठिणग्या उसळल्या. डोंगर झाकला गेला, शिपाई झाकले गेले.

"हे कंपनीनं केलं ना?" मी हळूच विचारलं.

प्रफुलनं माझ्याकडे बघितलंही नाही. "मैंने ही डाले. एप्रिल में," तो पुटपुटला. "सोचा, मान लूँगा तो नौकरी पर रख लेंगे. बाबा को उतना दिखेगा नहीं."

मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. चार ठिणग्या टाक, असं मीच म्हटलं होतं.

बाबा बराच वेळ बघत राहिले. मान डावीकडे केली, उजवीकडे केली, फोन स्वतःच्या हातात घेतला.

"दिसून राहिलं," ते म्हणाले.

प्रफुल फोनजवळ आणखी वाकला.

"बाकी सगळं अंधार आहे. ठिणग्या तेवढ्या दिसून राहिल्या. लय आहेत." त्यांनी फोन खाली केला. "प्रफुल, भट्टी ठंडी पडून राहिली ना ही."

"हो, बाबा."

"कोणाच्या शिफ्टमधी?"

"माझ्या."

बाबांनी काच पुसली आणि खिशात ठेवली.