केवळरामभाऊ दारात आले की

आमच्या पोलीस लायनीत केवळरामभाऊ शिपाई होते. शिकले चौथी, पण संध्याकाळची आरती त्याईच्याशिवाय सुरू होत नव्हती. सिरोंच्याकडं एक शिपाई तापानं गेला, तवा ठाणेदारानं विचारलं, "याच्या घरी सांगायला कोण जाईल?" सगळे खाली पाहू लागले. जमादार म्हणाला, "केवळराम देवाचं करते, त्यालेच पाठवा." झालं! आरती म्हणते, एवढ्यावरच गड्याच्या गळ्यात धोंड बांधली.

मंग कोणाले वाघानं नेलं, कोणी नदीत बुडाला, का भाऊ निघाले. तिथं रडणाऱ्याजवळ बसत, तिरडी बांधत, लेकराईले भात खाऊ घालत. काम चांगलं करत, म्हणूनच सुटका नाई. गावोगावी लोकं त्याईले पाहून दारं लावत. बाजारात बाया वाट सोडत. ठाणेदारापुढं किती हात जोडले त्याईनं! तो म्हणे, "तुझ्यासारखं दुसऱ्याला जमतं का?" आग लागो असल्या कौतुकाले!

त्याईची पोरगी गिरजा, दूरच्या गावी सासरी. जावई बी शिपाईच, जंगलातल्या चौकीवर. गिरजाले पोरगा झाला अन् भाऊले बारशाच्या आधीच रजा भेटली. वर्दी पेटीत टाकली, धोतर नेसलं, लाडू बांधले. माझं माहेर त्याच गावचं, म्हणून मी संगं होती. "आज मी फक्त आजा हाय, शकुबाई," म्हणत गडी नुसता पळत होता.

गिरजा दारात ऊन घेत बसली होती. बापाले पाहिलं अन् "आई गं!" म्हणून तिनं दोन्ही हात उंबऱ्यावर आपटले. बांगड्यांचा चुरा झाला.

"अवं पोरी, जिता हाय! तुझा नवरा जिता हाय!" भाऊ ओरडले.

"खरं सांगा, बाबा. तुम्ही लोकाईले असंच हळूहळू सांगता."

भाऊनं देवाची आण घेतली, माझ्याकडून घेववली. काही उपयोग नाई. रक्ताळलेले हात जोडून पोरगी म्हणाली, "तुम्ही जा, बाबा. ते घरी येऊ द्या, मंग या. तुम्ही समोर असले का मले ते मेलेच वाटते."

भाऊनं लाडू ओट्यावर ठेवले अन् माघारी फिरले. पोरगा आत निजला होता. शिवेपर्यंत मी संगं गेली. मले लई राग आला होता, पण कोणावर काढू?

"नातू कसा हाय वो? तुम्ही तरी पाहिला का?" त्याईनं विचारलं.

मी कुठी पाहिला होता? तरी म्हटलं, "तुमच्यावरच गेला हाय, भाऊ."

"नको वो बाई," ते म्हणाले, "असं नका म्हणू."