नातीनं ओ दिली नाई

मोहफुलाचा वास आला का मले माई नात आठवते. बाहेरदेशात शिकून ते घरी आली होती, पण दिवसभर गप्प बसे. मी म्हणलं, चाल माया संगं मोह वेचाले. आमच्या जंगलात वाघाचं भेव, म्हणून बाया आपापल्या झाडाखाली वेचतेत अन् घडीघडी एकमेकीले हाक मारतेत. ओ आली म्हणजे बाई जित्ती हाय, असं समजाचं. ऊन चढाले लागलं तशी मी नातीले हाक मारली. ओ नाई. पुन्हा मारली, तरी नाई. माई टोपली सांडली. साऱ्या बाया ओरडत धावल्या, तं हे आपली खाली बसून फुलं वेचून राह्यली! शेजारीण म्हणली, "काऊन वं, तिकडं जाऊन मुकी झाली का? आजीचा जीव घेतं का?" मी माराले हात उगारला. नात म्हणली, "आजी, आयकू तं आलं. पण तिथी मले कोणी हाकच नाई मारे. ओ द्याची सवयच गेली." माया हात खाली आला. आता ते नागपुरात एकटी रायते. मी सकाळीच फोन लावतो, तिचा आवाज आयकतो, मंगच चूल पेटवतो.