रिकाम्या गादीपुढचे मुजरे

आमच्या सासरच्या मंडळींनी एकदा सिनेमा कंपनी काढली होती, हे मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगितलं की ऐकणारे डोळे मोठे करतात. ग्वाल्हेरात? त्या काळात? मराठी माणसांनी? मग खरं काय ते सांगावं लागतं आणि त्यांचा विरस होतो. पण मागे एका समारंभात कुणीतरी त्या कंपनीचा ‘वैभवशाली इतिहास’ असा उल्लेख केला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो इतिहास ठाऊक असलेली आता मी एकटीच उरले आहे. तेव्हा लिहून टाकते.

संस्थान विलीन झालं तेव्हा मी नुकतीच लग्न होऊन ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आले होते. माझे सासरे दरबाराचे मानकरी. मानकरी नेमकं काय करतात, असं मी लग्नाआधी आईला विचारलं होतं. ती म्हणाली, “बसतात.” हे अगदी खरं निघालं. दरबार भरला की गादीपासून आपल्या ठरलेल्या अंतरावर बसायचं, पुकारा झाला की उठून मुजरा करायचा, विडा घ्यायचा आणि गादीला पाठ न दाखवता मागे मागे सरकत बाहेर पडायचं. बाप तेच करायचा, आजा तेच करायचा. मग मध्यभारत नावाचं नवं राज्य झालं, मंत्री आले, कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या आणि या मंडळींना बसायला जागाच उरली नाही. माझ्या यजमानांनी सचिवालयात कारकुनी धरली, तर सासरे कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलत नव्हते.

अशा रिकामपणात कुणाच्या तरी डोक्यातून सिनेमा निघाला. दक्षिणेतून आलेल्या आपल्या पूर्वजांचं शौर्य पुढच्या पिढीला दिसावं, हा म्हणे हेतू. शौर्य वगैरे सगळं बोलायला. त्यांना दरबार पुन्हा एकदा भरवायचा होता, बस्स. ज्याने त्याने कंपनीत वाटा घातला आणि वाट्याच्या बदल्यात कुणी नफा मागितला नाही. मागितली ती सिनेमातल्या दरबारात आजोबांची बसायची जागा. कंपनीच्या सभा आमच्याच दिवाणखान्यात व्हायच्या आणि तिथेही मंडळी दरबारच्याच क्रमाने बसायची. चहासुद्धा मानाप्रमाणे फिरायचा. दाराजवळ एक शिलेदार घराण्यातले गृहस्थ बसत, त्यांनी पोटापाण्यासाठी सायकलींचं दुकान घातलं होतं. त्यांच्यापर्यंत कप पोचेतो चहाचं पाणी झालेलं असायचं. पण ते तो अशा थाटात प्यायचे की जणू खास त्यांच्यासाठी थंड केला आहे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते मी रोज बघत होते.

दिग्दर्शक मुंबईहून आणला. तरुण होता, कामाला पक्का होता आणि इथे कुठल्या चिखलात पाय घातला आहे याची त्याला कल्पना नव्हती. गोष्ट त्यानेच लिहिली आणि ती चांगली होती. राजा मोहिमेवर निघून जातो, मागे शत्रू वेशीशी येतो, दरबारातले मानकरी किल्ल्याच्या किल्ल्या देऊन मोकळे व्हायचं ठरवतात. तेव्हा चिकाच्या, म्हणजे बांबूच्या काड्यांच्या, पडद्याआडून ऐकत बसलेली राणी पडदा सारून भर दरबारात येते आणि एकेकाला जाब विचारते. ते भाषण म्हणजे अख्ख्या सिनेमाचा जीव होता.

राणी कोण होणार? मुंबईची नटी आणायची म्हटल्यावर मंडळींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. घरच्याच बाईने काम करावं असा ठराव झाला आणि लगेच प्रत्येकाला आपल्या घरची बाई आजारी असल्याचं आठवलं. सासरे कंपनीचे अध्यक्ष, त्यांचं नाक कापलं जाण्याची वेळ आली, म्हणून मला विचारण्यात आलं. विचारण्यात आलं म्हणजे सांगण्यात आलं. पण मी आतून नाचत होते. माहेरी उज्जैनला गणेशोत्सवातल्या मुलींच्या नाटकांत मी कामं केली होती, आणि लग्न ठरलं तेव्हा मला सगळ्यात जास्त रडू आलं होतं ते नाटक सुटणार म्हणून. मला ती राणी हवी होती. खरं सांगते, नवरासुद्धा मला इतका हवासा वाटला नव्हता.

तांदूळ निवडताना, धुणं वाळत घालताना मी ते भाषण म्हणायची. एकदा दिग्दर्शकाने ते म्हणून दाखवायला सांगितलं. ऐकून झाल्यावर तो म्हणाला, “ताई, शेवटचा प्रश्न विचारण्याआधी तुम्ही क्षणभर थांबता ना, तेव्हा कॅमेरा तुमच्या अगदी जवळ पाहिजे. ते थांबणं लोकांना दिसलं पाहिजे.” इतक्या बारकाईने माझ्याकडे तोवर कुणी पाहिलं नव्हतं.

पण राणी पडद्याबाहेर येते हे ऐकून सभेत हाहाकार झाला. आपल्या राण्या अशा बाहेर यायच्या का? दिग्दर्शकाने डोकं चालवलं. राणी बाहेर येणार नाही, म्हणाला, कॅमेराच चिकाच्या आत जाईल. राणीचा पडदाही राहील आणि लोकांना तिचं तोंडही दिसेल. यावर सगळ्यांनी मान डोलावली, आणि मी देवापुढे साखर ठेवली.

राजाचं काय झालं तेही ऐका. आग्र्याहून एक उंचापुरा नट बोलावला होता. तो पोशाख करून गादीवर बसला मात्र, सगळा दरबार ताडकन उभा राहिला. भाड्याने आणलेल्या माणसाला मुजरा करायचा? तोही त्या गादीवर बसलेल्याला? महाराजांचं राज्य गेलं होतं, त्यांची गादी कागदावर विरघळली होती, पण यांची कंबर परक्यापुढे वाकेना. नटाला परतीच्या गाडीत बसवून दिलं आणि गादीवर नुसती पगडी ठेवली.

“आणि राजाचे संवाद?” दिग्दर्शकाने विचारलं.

सासरे म्हणाले, “दिवाणजी वाचून दाखवतील. मतलब, हुकूम आल्यासारखा.”

मग कॅमेरा कुठे ठेवायचा यावरून वाद. गादीच्या मागे चवरीवाल्यांशिवाय कुणी उभं राहत नाही, तेव्हा तिथे नाही. बाजूंना मानाच्या जागा, तिथेही नाही. उरलं दार. दाराशी कॅमेरा लागला आणि जुन्या जरीच्या पोशाखांत सगळा दरबार भरला. कच्ची फिल्म तेव्हा सहजी मिळत नसे. एक सोडून उरलेले सगळे डबे या दरबारातच संपले. चिकाआडून माझं भाषण झालं, त्याचा नुसता आवाज घेतला गेला. आतल्या चित्रासाठी एक शेवटचा डबा राखून ठेवला होता. तो थंड राहावा म्हणून आमच्या तळघरात होता, आणि खाली गेले की मी त्याला हात लावून यायची.

मुंबईहून फिल्म धुऊन आली आणि एका थिएटरात सकाळी फक्त कंपनीच्या मंडळींना दाखवली. मी मागे बसले होते. पडदा उजळला आणि त्यावर सायकलवाल्या शिलेदारांचा फेटा दिसला, बैलगाडीच्या चाकाएवढा. त्यांची मिशी, कान, कानावरचे केससुद्धा दिसत होते. ते दाराशी, म्हणजे कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात बसले होते ना! त्यांच्यापुढे मधले मानकरी वांग्याएवढे, आणि पार टोकाला, गादीला खेटून बसलेले सगळ्यात मोठे मानकरी मोहरीएवढे.

“हा काय मजाक आहे?” सासरे अंधारात ओरडले. “मी कुठे आहे?”

“गादीच्या डाव्या हाताला, तो पांढरा ठिपका आहे ना, ते आपण,” दिग्दर्शक म्हणाला. “कॅमेऱ्याला मान कळत नाही, साहेब. जो जवळ, तो मोठा.”

“मग समजवून सांगा त्याला!”

शिलेदार पडद्यावरून नजर काढत नव्हते. ते नुसते स्वतःकडे बघत होते.

त्याच दुपारी सभा भरली. दरबार पुन्हा घ्यायला फिल्म नव्हती. होता तो एकच डबा. ठरलं असं की त्या डब्यात प्रत्येक मानकऱ्याचा मुजरा वेगळा, जवळून घ्यायचा, म्हणजे सगळे सारखे मोठे दिसतील आणि कुणाचा अपमान होणार नाही. मी स्वयंपाकघरातून हे ऐकलं आणि हातातलं पातेलं खाली ठेवलं. त्या घरात सुनेने सभेत पाऊल टाकलेलं नव्हतं. मी टाकलं.

“मामंजी, तो डबा माझ्या भाषणाचा आहे.”

सासऱ्यांनी वर पाहिलं नाही. “सूनबाई, राणीचा आवाज तर येऊन राहिला आहे. बस झालं. तिचं तोंड बघायला थोडीच कोणी येणार?”

“सिनेमाला लोक तोंडच बघायला येतात.”

“बिलकुल नाही,” कुणीतरी म्हणालं. “आपल्या इथे असं नाही चालत.” मग हात वर करून मतं घेतली. सायकलवाल्यांचा तर आधीच एवढा मोठा चेहरा आला होता, त्यांनीही मुजऱ्यासाठी हात वर केला. माझे यजमान तिथेच होते. रात्रीपर्यंतही ते थांबले नाहीत, दारातच मला हळूच म्हणाले, “जाऊ दे ना, कशाला खामखा परेशान होतेस!” सचिवालयात मंत्र्यांपुढे वाकून वाकून त्यांचा कणाही घरच्या वळणावर गेला होता.

मुजरे घेतले ते मी चिकाआडून पाहिले. आता मात्र कॅमेरा गादीशेजारी चालला. स्वतःचं तोंड यायचं म्हटल्यावर सगळे नियम कसे लवचीक होतात! एकेक जण येई, तीनदा वाकून जमिनीला हात लावून कपाळी नेई आणि मागे सरकत जाई. डबा संपला तेव्हा दिग्दर्शक माझ्याकडे न बघता सामान बांधू लागला.

सिनेमा लागला त्याच सुमारास बातमी पक्की झाली, की मध्यभारतही मोडणार आणि राजधानी भोपाळला जाणार. थिएटरात वरच्या मजल्यावर मंडळी मानाच्या क्रमाने बसली होती. खाली तिकीट काढून आलेले लोक होते. बिर्लानगरच्या गिरणीतले कामगार सुट्टीचे आले होते, तलवारीची हाणामारी बघायला. राणीचं भाषण सुरू झालं तेव्हा पडद्यावर नुसता चिक होता. बांबूच्या काड्या, बाकी काही नाही. माझा आवाज चालला होता, मी शेवटच्या प्रश्नाआधी थांबले, आणि त्या शांततेत खालून कुणीतरी ओरडलं, “अरे, बत्ती गुल हो गयी क्या?”

मग मुजरे आले. एक झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. माणसामागून माणूस वाकतो आहे आणि पुढ्यात पगडी. कामगारांना आधी कळेना. मग एकजण मोठ्याने म्हणाला, “सलाम किसको ठोक रहे हो भैया? कुर्सी तो खाली है!” सगळं थिएटर फुटलं. बायकांच्या रांगेत मी तोंडात पदराचा बोळा कोंबला, पण हसू आवरेना. मग बोळा काढला आणि मोकळी हसले. इतकी मोठ्याने, की पुढच्या रांगेतून सासऱ्यांनी मान वळवली.

वैभवशाली इतिहास तो एवढाच. कंपनी कुणी बंद केली नाही, नुसतं सभेला येणं लोकांनी सोडलं. ज्यांच्या नोकऱ्या होत्या ते भोपाळला गेले, आम्हीही गेलो. सिनेमाची फिल्म कुणी म्हणतं जळाली, कुणी म्हणतं वितळवून तिच्या बांगड्या झाल्या. बांगड्या झाल्या असतील तर निदान कुणा बाईच्या उपयोगी पडली.

सिनेमा लागला त्या दिवशी घरी आल्यावर सासऱ्यांनी मला बोलावलं. ते दिवाणखान्यात एकटेच बसले होते, अजूनही आपल्या ठरल्या जागेवर.

“सूनबाई, तुम्ही हसलात.”

“हो.”

“मुजरा चुकला होता?”

“नाही मामंजी. मुजरा सुरेखच होता. पण समोर कुणी नव्हतं.”

ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. पण ते हळू आवाजात म्हणाले, “मग आम्ही कोणापुढे वाकायचं होतं? कोण राहिलं आहे आता?” ते खरंच विचारत होते. मला त्यांची दया आली, नाही असं नाही. पण रागाच्या मानाने ती फारच थोडी होती.

“चिकाच्या आत मी बसले होते,” मी म्हटलं. “त्या दरबाराची राणी होते मी. पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तिथेच होते.”

त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी त्या घरात आल्यापासून त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. मी वाट बघत राहिले. हसताना माझा पदर डोक्यावरून खाली आला होता, तो तसाच खांद्यावर होता.

“पदर घ्या,” ते म्हणाले.

मी घेतला नाही.