लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो

आधीच सांगून टाकते, या ग्रुपवर मी इतकी वर्षं फक्त टाइमपाससाठी यायचे. तुमचे भुताखेतांचे किस्से वाचायचे, हसायचे आणि मैत्रिणीला फॉरवर्ड करायचे. आम्ही बौद्ध. आपल्या घरात देव नाहीत तर भूतं कुठून येणार, असं पप्पा म्हणायचे आणि मला ते शंभर टक्के पटायचं. अजूनही पटतं... फक्त एक संध्याकाळ त्यात बसत नाही. कुणी म्हणेल मनाचे खेळ. म्हणा खुशाल, मीही स्वतःला तेच सांगून बघते.

ज्या मैत्रिणीला मी ते किस्से पाठवायचे ती स्वाती. कळव्याला, खारेगावच्या बाजूला आमची चाळ होती. शेजारच्या महेशशी लग्न होऊन ती चाळीत आली, पहिल्याच आठवड्यात आमच्याकडे विरजण मागायला आली आणि मग रोजच येत राहिली. पुढे चाळ रिडेव्हलपमेंटला गेली आणि नव्या बिल्डिंगमध्ये आम्हाला चौथ्या मजल्यावर समोरासमोर घरं मिळाली. मी वागळे इस्टेटला नोकरीला, घरी मी आणि आई. स्वातीची मुलगी आर्वी निम्मी आमच्याच घरात वाढली. मला ती मावशी म्हणते.

यंदा होळीच्या आधी एका दुपारी स्वाती डोकं ठणकतंय म्हणून आडवी झाली. हॉस्पिटलमध्ये नेईपर्यंत बेशुद्ध होती. मेंदूत रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी गेली. आर्वी तेव्हा आमच्या हॉलमध्ये कार्टून बघत होती, सहा वर्षांची पोर.

आणि मग आपल्याकडे जे करतात तेच सगळ्यांनी केलं. पोर लहान आहे, तिला आत्ता काही बोलू नका, असं महेशच्या आईने ठरवलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. आई गावाला गेलीये, माईला बरं नाहीये, एवढंच तिला सांगायचं. माई म्हणजे स्वातीची आई, तिकडे चिपळूणजवळच्या गावी एकटी असते. दिवस नाशिकला जाऊन उरकले. हार घातलेला फोटो घरात लावला तर पोर विचारेल, म्हणून तो चादरीत गुंडाळून माझ्या कपाटात ठेवला. म्हणजे रोज ऑफिसला जाताना ओढणी काढायला मी कपाट उघडायचे आणि स्वाती तिथे असायची.

सगळ्यात वाईट म्हणजे आर्वीचे प्रश्न माझ्याकडे यायचे. बाप शिफ्टवर, आजी गप्प. आई फोन का करत नाही? गावाला रेंज नाही. व्हिडिओ पाठव म्हणावं. फोन विहिरीत पडला. एक थाप झाकायला दुसरी, दुसरीला तिसरी. मी तिला गावच्या बातम्या सांगायला लागले, कोंबडीने अंडी घातली, फणस धरलेत... सगळी बिल्डिंग सामील होती. वॉचमन, वाणी, शाळेतल्या बाई. खाली खेळणाऱ्या मुलांनाही त्यांच्या आयांनी दम देऊन ठेवलेला. मला रडायचं असेल तर नळ सोडून बाथरूममध्ये रडावं लागायचं, कारण पोर कधीही दार ढकलून आत यायची. स्वातीचं नाव घ्यायचं ते हसऱ्या तोंडानेच. खरं सांगते, जीव गुदमरायचा.

मी महेशला दोनदा म्हटलं की सांगून टाकू. तो म्हणायचा, थांब, मोठी होऊ दे जरा. त्याचाही इलाज नव्हता. तिला सांगायचं म्हणजे त्याला स्वतःच्या तोंडाने ते वाक्य बोलावं लागलं असतं.

मे महिना लागला आणि माईचा निरोप आला की नातीला एकदा डोळ्यांनी बघू द्या. महेशने गाडी ठरवली. आणि आर्वी नाचायलाच लागली. साहजिक आहे हो, गावाला आई आहे ना! बॅग भरली, तिच्यात आईसाठी काढलेली चित्रं भरली. तिथे पोचल्यावर काय सांगायचं याचा विचारच कुणी केला नव्हता. महेशची आई म्हणाली, तिकडे गेल्यावर बघू. म्हणजे पोर गाडीतून उतरून घरभर आईला शोधणार आणि तेव्हा आपण बघणार.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आर्वी मला ओढत बेकरीत घेऊन गेली. आईला बटर खारी आवडते, गावाला मिळत नाही. तिने स्वतः पुडा निवडला, तुटलेली नको म्हणून भय्याला बदलायला लावली. पुडा छातीशी धरून ती लिफ्टमध्ये शिरली. मी चारचं बटण दाबलं.

आमची लिफ्ट सहा माणसांची आहे. आत आम्ही दोघीच. दुसरा मजला गेला आणि तिसऱ्याच्या वर कुठेतरी ती धक्का देऊन थांबली. पंखा बंद झाला, लाइट चालू राहिला, आणि बझर वाजायला लागला. ओव्हरलोडचा बझर. गणपतीत पाहुणे कोंबून भरले की वाजतो तो.

मी बेल दाबली. खालून वॉचमनने ओरडून सांगितलं की मेकॅनिकला फोन केलाय, घाबरू नका. मी घाबरले नव्हतेच, वैतागले होते. बटणांपाशी उभी राहून मी पुन्हा पुन्हा चार दाबत होते. आर्वी मागच्या कोपऱ्यात होती. ती अगदी शांतपणे भिंतीला चिकटली, पुडा वर धरला, चेंगरू नये म्हणून धरतात तसा, आणि म्हणाली, "मावशी, सरक ना जरा."

मी सरकले. का सरकले माहीत नाही, गर्दीत कुणी सरक म्हटलं की आपण सरकतो. आणि मग मला परत नीट उभं राहता येईना. दंड अंगाला चिकटलेले, कोपर वाकेना, बटणापर्यंत हात पोचेना. समोर सगळी लिफ्ट रिकामी दिसत होती, फरशी दिसत होती, आणि मला श्वास घ्यायला छाती फुगवायची जागा नव्हती. बझर थांबत नव्हता.

आर्वी माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "आई गावाला नाहीये ना?"

थाप तयार होती. ती सांगायला मी तोंड उघडलं आणि खरंच सांगते, ती बाहेर आली नाही. आले ते दुसरेच शब्द.

"नाही गं बाळा. आई वारली."

"वारली म्हणजे मेली?"

"हो. हॉस्पिटलमध्ये. ती आता परत नाही येणार."

तिने खारीच्या पुड्याकडे बघितलं. "मग हे कुणाला द्यायचं?" एवढं विचारलं आणि तिचा चेहरा असा वेडावाकडा झाला की मी तिला उचलून घेतलं. हात हलले कधी ते कळलंच नाही. दोघी खाली बसून रडलो, मोठमोठ्याने, बिल्डिंगला ऐकू जाईल एवढं. बझर केव्हा थांबला तेही सांगता येणार नाही. लिफ्ट आपोआप वर गेली, चौथ्यावर दार उघडलं, समोर महेश उभा होता. त्याला काही सांगावं लागलं नाही.

तो मला खूप बोलला. तू कोण ठरवणारी, इथपर्यंत बोलला. त्याच्या आईनेच त्याला गप्प केलं आणि आर्वीला मांडीवर घेऊन त्या बसून राहिल्या.

मेकॅनिक आला, त्याला मी खोदून खोदून विचारलं. तो म्हणाला, ओव्हरलोड दाखवला की दारच लागत नाही मॅडम, लिफ्ट जागेवरून हलतच नाही. मध्येच थांबून तो बझर वाजूच शकत नाही. त्याने सगळं तपासलं, बिघाड सापडला नाही. बंद जागा, उकाडा, मनावरचा ताण, हे सगळं मला मान्य आहे. तेवढ्याने माझी छाती दडपेलही. पण पुढे मी आर्वीला सहज विचारलं की तू मला सरकायला का सांगितलंस, तर म्हणाली, "तूच मला दाबत होतीस ना." मी दाराशी होते, ती मागे. आमच्यामध्ये दोन माणसं आरामात उभी राहतील एवढी जागा होती. याचं काय करायचं ते मला समजत नाही. पप्पा असते तर त्यांनी काहीतरी कारण काढलं असतं, मला सापडत नाही. स्वाती होती, असं मी म्हणणार नाही. नव्हती असं छातीठोक सांगणंही आता जमत नाही.

दुसऱ्या दिवशी ते ठरल्याप्रमाणे गावाला गेले. तिकडून महेशचा फोन आला, आवाज बसलेला. पोरीसमोर रडायचं नाही, असं माईलाही सगळ्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं, आणि आर्वीला आता कळलंय हे तिला कळवायचं राहूनच गेलं होतं. पोटची मुलगी गेलेली ती म्हातारी अंगणात हसरं तोंड करून उभी होती. आर्वी गाडीतून उतरली, इकडेतिकडे कुठेच न बघता सरळ तिच्यापाशी गेली आणि म्हणाली, "माई, मला मावशीने सांगितलंय. तू रड आता."