काळा वाफा, जांभळा चौकोन

नगररचनेच्या कचेरीत प्रारूप आराखडा भिंतीवर लागला, तेव्हा आमचा तरव्याचा, म्हणजे भाताच्या रोपांचा, वाफा मला शोधावा लागला नाही. पालीच्या अलीकडच्या आमच्या गावावर एकच जांभळा चौकोन होता, आणि वाफ्यासकट सगळा उतार त्यात गेला होता. प्रस्तावित वापर: औद्योगिक. सध्याचा वापर: जळीत पडीक.

जळीत! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्याकडे फाल्गुन-चैत्रात वाफ्यावर शेण, तोडलेल्या डहाळ्यांचं कवळ, वाळका पातेरा पसरून भाजतात. पुढे त्याच राखेत भात पेरायचं आणि रोपं हाताएवढी झाली की उपटून खालच्या खाचरांत लावायची. हा एक वाफा गेला, तर खालची सगळी खाचरं रिकामी. पाहणीवाले नेमके चैत्रात आले. आईने त्यांना कोकम सरबत दिलं आणि आपण भाजलेला काळाभोर वाफा मोठ्या कौतुकाने दाखवला. आलेल्या माणसाला आपलं चांगलं काम दाखवावं, एवढंच तिला ठाऊक. ते सरबत प्यायले आणि जमीन मेली म्हणून लिहून गेले. एकाने तरी विचारायचं होतं, बाई, हे काय आहे म्हणून!

मी मुदतीत हरकत घेतली. सुनावणी आषाढात लागली. आईने त्याच वाफ्यातली रोपांची एक मूठ मुळांच्या चिखलासकट साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"ह्यो बगा तुमच्या पडीकातला तरवा."

साहेब चिडलेही नाहीत. नकाशाला चिखल लागतो म्हणून त्यांनी शिपायाला ती मूठ उचलायला सांगितली आणि पुढचं नाव पुकारलं.

अंतिम आराखड्यात चौकोन तसाच आहे. हरकत अमान्य, कारण पाहणीच्या दिवशी जागेवर पीक आढळलं नाही. चैत्रात भात शोधणारी माणसं आमच्या जमिनीचं भविष्य ठरवतात! गाढवाला गुळाची चव काय, म्हणतात. पण इथे गूळ आमचा जातो, त्याचं काय?

परवा आईने वाफ्यावर कवळाचे भारे पसरले आणि काड्यापेटी हातात घेऊन मला विचारलं, "मंग यंदा भाजायचा का नाय?"

सासरी आल्यापासून तिने हे कुणालाच विचारलं नव्हतं.

"भाज," मी म्हणालो. तरी तिने काडी ओढली नाही. मी नक्की सांगतोय ना, हे बघत ती तशीच उभी राहिली.